कधीच न घेतलेल्या औषधालाही जिवाणू दाद देत नाहीत, ते का?

प्रश्न : माझ्या आईला मध्यंतरी लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला होता. कल्चरच्या अहवालात ‘ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असे लिहिले होते आणि यादीतल्या बहुतेक प्रतिजैविकांपुढे ‘आर’ हे अक्षर होते. त्यांतली निम्मी औषधे तिने आयुष्यात कधी घेतलेली नाहीत. शिरेतून दिलेल्या औषधाने ती बरी झाली. पण जे औषध पोटात कधी गेलेच नाही, त्याची तिच्या अंगाला सवय कशी झाली? — एक वाचिका, सांगली

उत्तर : सवय आपल्या आईंच्या अंगाला झालेली नाही. अहवालातले ‘आर’ हे अक्षर रुग्णाविषयी काहीच सांगत नाही; ते केवळ लघवीत सापडलेल्या जिवाणूंविषयी आहे. प्रयोगशाळेत हे जिवाणू तबकडीतल्या अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवण्यासाठीच्या जेलीच्या, थरावर पसरतात, त्यावर निरनिराळी औषधे मुरवलेल्या, सहा मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवतात आणि तबकडी रात्रभर उबदार ठेवतात. ज्या चकतीभोवती जिवाणूंची वाढ न झालेले मोठे स्वच्छ वर्तुळ दिसते ते औषध चालते, आणि ज्या चकतीला खेटून जिवाणूंचा थर उभा राहतो तिच्यापुढे ‘आर’ म्हणजे ‘रेझिस्टंट’ असे लिहिले जाते. आता बऱ्याच ठिकाणी हे काम यंत्रे करतात, पण तपासायची गोष्ट तीच असते. अंगाला सवय झाल्याची समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे आणि ती घातक आहे, कारण तिच्यामुळे ‘मी औषधे क्वचितच घेतो, मला हा धोका नाही’ असे माणसाला वाटू लागते.

या जिवाणूंनी आईंनी न घेतलेल्या औषधांना दाद का दिली नाही, याचे उत्तर पहिल्यांदा स्पष्टपणे हाती लागले ते जपानमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे शिगेला या जिवाणूमुळे होणाऱ्या आमांशाने थैमान घातले होते. आधी सल्फा औषधे निकामी ठरली. त्यांच्या जागी स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही त्या वेळची नवी औषधे आली, आणि १९५५ नंतर या चारही औषधांना एकाच वेळी न जुमानणारे शिगेला रुग्णांमध्ये सापडू लागले. जिवाणूच्या जनुकात आपोआप होणारा बदल, म्हणजे उत्परिवर्तन, हेच प्रतिकाराचे एकमेव कारण असते तर असे घडणे जवळजवळ अशक्य होते. एका औषधाविरुद्धचा बदल एक कोटीत एखाद्या पेशीत होतो असे धरले, तर चारही बदल एकाच पेशीत योगायोगाने एकत्र येण्यासाठी एकावर अठ्ठावीस शून्ये इतक्या पेशी लागतील. शिवाय त्याच रुग्णांच्या शौचात सापडणारा ई. कोलाय, जो आमांशाचे कारण नव्हता, तोही नेमक्या त्याच चार औषधांना दाद देत नव्हता.

१९५९ मध्ये ओचिआई आणि आकिबा यांच्या गटांनी, एकमेकांवर विसंबून न राहता, प्रतिकारक्षम ई. कोलाय आणि औषधाने मरणारे शिगेला एकत्र वाढवून पाहिले. थोड्याच वेळात शिगेलातही तो प्रतिकार आलेला दिसला, आणि तो सुटासुटा नव्हे, तर चारही औषधांविरुद्धचा एकदम आला होता. टोकियोच्या केइओ विद्यापीठातील त्सुतोमू वातानाबे यांनी हे सारे काम १९६३ मध्ये इंग्रजीत सविस्तर मांडले, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे त्याकडे खऱ्या अर्थाने लक्ष गेले. माझ्या मते पेनिसिलिनच्या शोधाइतकीच ही गोष्ट शाळेत शिकवली गेली पाहिजे.

या देवघेवीचे साधन म्हणजे प्लाझ्मिड. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्या पेशीत डीएनएची छोटी, बहुधा वर्तुळाकार कडी असू शकते आणि ती स्वतःच्या प्रती स्वतंत्रपणे काढू शकते. दोन जिवाणू जवळ आले की प्लाझ्मिडवरच्याच जनुकांच्या मदतीने एका पेशीतून बारीक तंतू निघून दुसरीला जोडला जातो, प्लाझ्मिडचा एक धागा पलीकडे सरकतो आणि दोन्ही पेशी आपापल्या धाग्याची जोडी पूर्ण करून घेतात. देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही. जेथे एक प्रतिकारक्षम पेशी होती तेथे दोन होतात, आणि घेणारी पेशी लगेच पुढे देणारी बनते. पेशींच्या या संयोगाचा शोध लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ मध्येच लावला होता. मेलेल्या जिवाणूंचा सुटा डीएनए उचलणे आणि जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंमार्फत जनुके पोहोचणे हेही मार्ग आहेत, परंतु आपल्या आईंच्या अहवालाशी मुख्य संबंध प्लाझ्मिडचा आहे.

ईएसबीएल हे एन्झाइमांच्या एका गटाचे नाव आहे. पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिन या दोन्ही कुळांच्या रेणूंमध्ये चार अणूंचे एक कडे असते आणि ही एन्झाइमे नेमके तेच तोडतात, त्यामुळे औषध निकामी होते. भारतात या गटातले सर्वाधिक आढळणारे जनुक ‘सीटीएक्स-एम-१५’ हे आहे. त्याचे कूळ शोधत गेल्यावर शास्त्रज्ञ क्लुइव्हेरा नावाच्या, निसर्गात आढळणाऱ्या आणि माणसाला क्वचितच त्रास देणाऱ्या जिवाणूच्या गुणसूत्रापर्यंत पोहोचले. डीएनएचे काही तुकडे एका जागेवरून सुटून दुसऱ्या जागी जाऊन बसू शकतात; अशाच एका तुकड्याने हे जनुक तेथून उचलून प्लाझ्मिडवर आणले, आणि मग ते जगभर पसरले. त्याच प्लाझ्मिडवर बहुधा जेंटामायसिनच्या कुळातील औषधांविरुद्धची, टेट्रासायक्लिनविरुद्धची आणि सल्फा-ट्रायमेथोप्रिमविरुद्धची जनुकेही असतात. हे सगळे एकच गाठोडे आहे. कोणीतरी, कुठेतरी, यांतले एकच औषध घेतले तरी ज्या जिवाणूंजवळ हे गाठोडे आहे तेच जगतात आणि त्यातली बाकीची जनुकेही त्यांच्याबरोबर टिकून राहतात. आईंनी न घेतलेल्या औषधांपुढे ‘आर’ का आले, याचे कारण हे आहे.

हे गाठोडे किती दूर जाऊ शकते ते पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात दिसले. तेथे २०१६ पासून टायफॉईडची एक साथ सुरू झाली. त्या जिवाणूवर टायफॉईडसाठी पूर्वी वापरली जाणारी तिन्ही जुनी औषधे आधीच चालत नव्हती. आता त्याच्यात सीटीएक्स-एम-१५ असलेले प्लाझ्मिड शिरले होते, आणि ते ई. कोलायसारख्या आतड्यातल्या जिवाणूंत आढळणाऱ्या प्लाझ्मिडशी जुळत होते. त्यामुळे टायफॉईडचा हुकमी इलाज मानले जाणारे, सेफालोस्पोरिन कुळातले सेफ्ट्रियाक्सोनही निरुपयोगी ठरले आणि तोंडाने घेण्याजोग्या औषधांपैकी मुख्यतः अझिथ्रोमायसिन तेवढे उरले. पुढे त्या भागात आणि नंतर देशभर मुलांना टायफॉईडची संयुग्म लस देण्यात आली. ज्याला लस मिळाली त्याला आजार होण्याची शक्यता कमी, म्हणून औषधाची गरज कमी आणि म्हणून प्रतिकार वाढण्याची संधीही कमी, हा लसीचा फायदा आपल्याकडे पुरेसा बोलला जात नाही.

औषध केवळ प्रतिकारक्षम जिवाणू निवडून मागे ठेवते असे नाही, कधी कधी ते देवघेवीलाच वेग देते. १९९२ मध्ये मद्रासमध्ये मिळालेल्या कॉलऱ्याच्या जिवाणूत ‘एसएक्सटी’ नावाचा, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारा जनुकांचा तुकडा सापडला होता. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की सिप्रोफ्लॉक्सासिनने जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की पेशीची दुरुस्तीची यंत्रणा जागी होते आणि तिच्यामुळे या तुकड्याला रोखून धरणारे प्रथिनच तुटते. परिणामी तो तुकडा शेजारच्या पेशीत जाण्याचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. व्हायरल तापावर सिप्रोफ्लॉक्सासिन घेणाऱ्याच्या आतड्यातही अशी उलथापालथ घडू शकते, आणि तापाच्या विषाणूवर तर त्या गोळीचा काडीचाही परिणाम होत नाही.

आईंना हे जिवाणू कोठून आले, हे आता सांगता येणार नाही. अन्न, पाणी, रुग्णालयातील मुक्काम, घरातली दुसरी व्यक्ती, यांपैकी कशातूनही ते आतड्यात येऊन महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील पाहणीत नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २, आणि रस्त्यावर साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत ‘एनडीएम-१’ हे जनुक सापडले होते. ईएसबीएलवर उपाय म्हणून जी कार्बापेनेम कुळातील औषधे शिरेतून देतात, त्यांनाही हे जनुक निष्प्रभ करते. त्याच्या नावात नवी दिल्ली आल्यामुळे त्या वेळी देशात मोठे वादळ उठले. त्या रागाचा थोडासा भाग तरी सांडपाण्याच्या व्यवस्थेकडे वळायला हवा होता, असे मला आजही वाटते.

आपण एक काम जरूर करावे. तो अहवाल जपून ठेवावा आणि पुढे आईंना कोणत्याही कारणाने ताप आला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर तो डॉक्टरांना आपणहून दाखवावा. लक्षणे नसताना केवळ लघवीत जिवाणू दिसले म्हणून पुन्हा औषध सुरू करण्याचा आग्रह मात्र धरू नये.

प्रश्न : क्षयरोगाचे जंतूही एकमेकांना अशी जनुके देतात का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. क्षयाच्या जंतूंतील औषध-प्रतिकार त्यांच्या स्वतःच्या गुणसूत्रातल्या उत्परिवर्तनांतूनच येतो. एकाच जंतूत दोन-तीन बदल योगायोगाने एकदम होणे फार दुर्मीळ असल्यामुळे तेथे अनेक औषधे एकत्र दिली जातात, आणि उपचार मध्येच सोडल्यास एकेक बदल साठत जाण्याला वाव मिळतो. म्हणून क्षयाचा उपचार पूर्ण करण्याबाबत तडजोड नाही. इतर अनेक संसर्गांत मात्र पूर्वीपेक्षा कमी दिवसांचा उपचार पुरतो असे आता दिसून आले आहे. किती दिवस ते डॉक्टरांनी ठरवायचे, आपण मनाने वाढवायचे किंवा कमी करायचे नाही.

प्रश्न : एखादे औषध वापरणे बंद केले की जिवाणू पुन्हा त्याला दाद देऊ लागतात का? मी ब्रॉयलर कोंबड्या पाळतो. कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली, तिचा उपयोग होईल का? — एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे निराशाजनक आहे. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात सल्फा औषधांचा वापर सुमारे ९८ टक्क्यांनी घटला. तरी लंडनच्या एका रुग्णालयात सल्फाला न जुमानणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण १९९१ मध्ये ३९.७ टक्के होते, ते १९९९ मध्ये ४६ टक्के भरले. सल्फाविरुद्धचे जनुक इतर जनुकांना जोडलेले असल्यामुळे त्या इतर औषधांच्या वापराने ते तगून राहिले. यावरून एक गोष्ट निघते : एकच औषध बंद करून भागत नाही, एकूण वापर खाली यावा लागतो.

कोलिस्टिनची बंदी तरीही योग्य आणि आवश्यक आहे. एनडीएमसारखी जनुके असलेल्या जिवाणूंवर जी थोडी औषधे उरतात, त्यांत ते मोडते. त्याविरुद्धचे, प्लाझ्मिडवरून फिरणारे ‘एमसीआर-१’ हे जनुक चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचे नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर झाले. चीनने २०१७ मध्ये जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणे थांबवले, आणि भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्योपयोगी जनावरे, कोंबड्या आणि मत्स्यशेतीसाठी त्यावर बंदी घातली. चीनमध्ये नंतर झालेल्या पाहण्यांत हे जनुक बाळगणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण बरेच घटलेले आढळले.

विक्रीपूर्वी काही दिवस औषध थांबवल्याने मांसातले औषधाचे अंश निघून जातात, पण कोंबडीच्या आतड्यातले प्रतिकारक्षम जिवाणू त्यामुळे जात नाहीत. ते लिटरमध्ये, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या भुशात, खतात आणि शेडमध्ये काम करणाऱ्यांच्या हातांवर येतात. आपल्या हातात आहे ते असे : आजार नसताना खाद्यातून किंवा पाण्यातून प्रतिजैविक द्यायचे नाही, लसीकरणाचे वेळापत्रक चुकवायचे नाही, लिटर कोरडे ठेवायचे, दोन बॅचच्या मध्ये शेड नीट धुऊन काही दिवस रिकामी ठेवायची आणि आजार आलाच तर पशुवैद्यकाकडून तपासणी करून घेतल्यावरच औषध द्यायचे. शेडमधून बाहेर पडताना हात साबणाने धुणे आणि तेथली पादत्राणे घरात न आणणे, हे आपल्या घरच्यांसाठी आहे.