थीसिस वाचायचा तर शेवटाकडून

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की पीएचडीचे प्रबंध म्हणजे फुकट मिळणारं आणि तरी कुणी हात न लावणारं वाचन आहे, तर त्यावर इतके मेल आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकते. काही प्रश्न एकसारखेच होते, ते एकत्र केलेत.

ताई, प्रबंध ऑनलाइन मिळतात म्हणता, पण नेमके कुठे? गूगल केलं की एकतर पैसे मागणारी साइट उघडते नाहीतर नुसता अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे सारांश, हातात येतो. (बी.ए. दुसरं वर्ष)

सगळं एका जागी मिळेल ही आशा आधी सोडून द्या. भारतातले प्रबंध हवे असतील तर शोधगंगा. यूजीसीने २००९ च्या नियमांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यायची म्हणून सांगितलं आणि इन्फ्लिबनेट हे यूजीसीचंच ग्रंथालयांचं केंद्र ते भांडार सांभाळतं, लाखो प्रबंध आहेत तिथे. तिथेच शोधगंगोत्री म्हणून भाग आहे, त्यात चालू संशोधनाच्या सिनॉप्सिस, म्हणजे आराखडे, असतात, म्हणजे अजून लिहून व्हायचंय ते काम. जगभरातलं एकदम शोधायचं तर ओएटीडी आणि एनडीएलटीडी या साइट्स, फ्रान्ससाठी थीसेस डॉट एफआर. ब्रिटनच्या प्रबंधांचं इथॉस हे भांडार फार छान होतं पण ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि ते बंद पडलं, तरी घाबरू नका, प्रबंध त्या त्या विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन साठ्यात, असतातच.

पैसे मागणारी जी साइट तुम्हाला दिसते ती बहुतेक प्रोक्वेस्ट असणार. ते सबस्क्रिप्शनवर चालतं, कॉलेजच्या लायब्ररीत विचारा, असू शकतं. नाहीतर प्रबंधाचं पूर्ण नाव अवतरणचिन्हात टाकून गूगल स्कॉलरवर शोधा, तोच प्रबंध लेखकाच्या विद्यापीठाने कित्येकदा फुकट ठेवलेला असतो. आणि कुठे ‘एम्बार्गो’ लिहिलेलं दिसलं तर समजा की पुस्तक काढायचंय किंवा पेटंट घ्यायचंय म्हणून लेखकाने थोडे दिवस कुलूप लावलंय, बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांनी निघतं ते.

साडेतीनशे पानांची पीडीएफ डाउनलोड केली, वीस पानांत झोप आली. माझा विषय नाहीये तो, नुसतं कुतूहल आहे. हे वाचतात तरी कसं?

पान एकपासून सुरुवात केली असणार तुम्ही. तसं कुणीच वाचत नाही हो, परीक्षकसुद्धा वाचतात का मला शंका आहे! प्रबंध हा वाचकासाठी लिहिलेलाच नसतो, तो दोन-चार परीक्षकांना पटवायला लिहिलेला असतो, त्यामुळे त्यात एकच गोष्ट तीनदा सांगितलेली असते, पहिल्या प्रकरणात ‘मी हे सांगणार आहे’, मधे सांगितलेलं आणि शेवटी ‘मी हे सांगितलं’. याचा फायदा घ्या ना. आधी शेवटचं प्रकरण वाचा. ते आवडलं तर पहिलं. मग अनुक्रमणिका बघून जिथे जीव अडकेल तिथे घुसा. शोधगंगेवर बहुतेक प्रबंधांची प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये ठेवलेली असतात, लोक त्यावरून कुरकुरतात, पण आपल्यासारख्यांना ते बरंच आहे, हवं तेवढंच उघडायचं.

माझी स्वतःची सवय म्हणजे आभाराचं पान आधी. कुणाची लॅब, कुणी पैसे दिले, गाईड मधेच बदलला का, सगळं तिथे कळतं आणि खरं सांगायचं तर गॉसिपही असतं.

सगळ्यात मोठा खजिना लिटरेचर रिव्ह्यू. त्या विषयात आजवर कोण काय म्हणालं, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे एका माणसाने वर्षानुवर्षं घासून एका जागी मांडलेलं असतं, नवख्या माणसाला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. जर्नलमध्ये छापायच्या पेपरमध्ये, म्हणजे शोधनिबंधात, हाच भाग दोन परिच्छेदांत उरकतात कारण जर्नलला पानं वाचवायची असतात. तसंच परिशिष्टांचं. मुलाखतींची प्रश्नावली, मोजमापाचे कच्चे आकडे, कुठलं उपकरण का चाललं नाही, हे पेपरमधून गळतं आणि प्रबंधाच्या शेवटी शांतपणे पडून असतं. समाजशास्त्राच्या प्रबंधात ती प्रश्नावली जरूर बघा, लोकांना नेमकं काय विचारलं ते बघितलं की निष्कर्षावर किती विश्वास ठेवायचा ते आपोआप कळतं.

बाकी प्रत्येक शाखेची तऱ्हा वेगळी. इतिहासाच्या प्रबंधात तळटीपा वाचायच्या, खरी मजा तिथेच. प्रयोगशाळेच्या विषयांत आकृत्या आणि त्यांच्या खालच्या ओळी. हल्ली बऱ्याच ठिकाणी तीन-चार पेपर एकत्र शिवून प्रबंध करतात, तसा असेल तर प्रस्तावना आणि समारोप एवढंच वाचा, मधले पेपर सुटे मिळतात. गणितात पहिलं प्रकरण झालं की थांबलात तरी चालेल, लाज वाटून घेऊ नका. आणि जाडीवर जाऊ नका, जॉन नॅशचा १९५० चा प्रिन्स्टनचा प्रबंध अठ्ठावीस पानांचा आहे, त्याच कामासाठी १९९४ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण पीएचडी मिळाली म्हणजे आतलं सगळं बरोबर, असं धरून चालायचं का?

नाही. परीक्षकांनी पास केलंय एवढाच त्याचा अर्थ. जर्मनीचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांचा कायद्याचा प्रबंध पास झालाच होता की, २०११ मध्ये लोकांनी ऑनलाइन जमून पानापानावरची उचलेगिरी शोधून काढली तेव्हा डॉक्टरेटही गेली आणि मंत्रिपदही.

पण मला याची उलटी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. प्रबंधात कधीकधी बरोबर गोष्ट दबलेल्या आवाजात लिहिलेली असते, कारण लिहिणारा विद्यार्थी आणि समोर मोठी माणसं. सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात ताऱ्यांचे वर्णपट तपासून काढलं की ताऱ्यांमध्ये हायड्रोजन प्रचंड प्रमाणात आहे. तेव्हा सगळे धरून चालले होते की तारे साधारण पृथ्वीसारख्याच घटकांचे बनलेत. हेन्री नॉरिस रसेल या बड्या खगोलशास्त्रज्ञाने हे अशक्य म्हटलं आणि पेनबाईंनी प्रबंधात लिहून टाकलं की हा आकडा बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या रस्त्याने त्याच उत्तराला पोचले. म्हणजे आकडे बरोबर आणि त्याखालचं वाक्य चूक! त्याच सुमाराला आपल्या इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे कवट्यांवर काम करत होत्या, गाईडचा वंशश्रेष्ठत्वावर विश्वास, कवटीच्या ठेवणीत वंशांचा फरक दिसेल अशी अपेक्षा, आणि यांनी मोजमाप करून सरळ लिहिलं की तसा संबंध दिसत नाही. म्हणून कोष्टक आधी बघा आणि लेखक त्याचा अर्थ काय लावतो ते मग वाचा, दोघांचं जुळतंय का तेही बघा.

माझा विषय कॉम्प्युटर सायन्स, गाईड म्हणतात दुसऱ्या शाखांचे प्रबंध वाचण्यात वेळ घालवू नकोस. तुमचं मत?

गाईडशी भांडू नका, पण वाचा. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९३७ मध्ये एमआयटीत मास्टर्सचा प्रबंध लिहिला, त्यात त्याने जॉर्ज बूल या गणितज्ञाचं तर्कशास्त्राचं बीजगणित रिलेच्या, म्हणजे विजेवर चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या, सर्किटना लावलं. ते तर्कशास्त्र तो तत्त्वज्ञानाच्या एका कोर्समध्ये शिकला होता. आज डिजिटल सर्किटची आखणी ज्यावर चालते ती कल्पना ही.

एक करून बघा. ‘गर्दी’ हा एकच विषय चार शाखांत शोधा. भौतिकशास्त्रवाले माणसांना कण समजून ते एकमेकांना कसे ढकलतात याची समीकरणं मांडतात. तुमचे कॉम्प्युटरवाले कॅमेऱ्यातून डोकी मोजतात. मानसशास्त्रात प्रश्न असा की गर्दीत माणूस खरंच बिथरतो का, आणि तिथे तुम्हाला सापडेल की संकटात अनोळखी लोक एकमेकांना बऱ्यापैकी सांभाळून घेतात. इतिहासवाला कोर्टाचे आणि पोलिसांचे जुने कागद काढून विचारतो की त्या गर्दीत होते कोण, काम काय करायचे. आता डोकी मोजणारं मॉडेल बनवणाऱ्याने मानसशास्त्राचं ते एक प्रकरण वाचलं तर आपण नक्की काय मोजतोय हा प्रश्न त्याला पडेल की नाही? फक्त शोधताना त्या शाखेचे शब्द वापरावे लागतात, ते कळायचे तर एखाद्या प्रबंधाचे कीवर्ड्स उचलायचे आणि पुढे जायचं.

शेवटच्या प्रकरणातल्या ‘फ्यूचर स्कोप’मधून विषय उचलला तर चालेल?

चालेल, पण आधी त्या प्रबंधाचा पुढे कुणी संदर्भ दिलाय ते गूगल स्कॉलरवर बघा, दहा वर्षांपूर्वीचा स्कोप असेल तर कुणीतरी तो संपवलेला असू शकतो. शिवाय कित्येकदा तो भाग व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आधी घाईघाईत लिहिलेला असतो. त्यापेक्षा ‘मर्यादा’ म्हणून जो भाग असतो तो वाचा, काय जमलं नाही हे माणूस जास्त प्रामाणिकपणे लिहितो.

लेखकाला थेट मेल केला तर राग येतो का?

अहो उलट! आपला प्रबंध कुणीतरी अनोळखी माणसाने वाचला याचंच त्यांना आश्चर्य वाटतं. नुसतं ‘पीडीएफ पाठवा’ म्हणू नका, कुठल्या प्रकरणातलं काय आवडलं किंवा काय अडलं ते दोन ओळींत लिहा. विद्यापीठाचा जुना मेल आयडी बंद पडलेला असतो बऱ्याचदा, नवीन पेपरवरचा बघून पाठवा.