वाचकांचे प्रश्न : मुले मोठी झाल्यावर न्यूझीलंडचा प्रवास

प्रश्न : आमच्या मुलीने यंदा दहावीची परीक्षा दिली आहे आणि मुलगा तेरा वर्षांचा आहे. गेल्या वेळी आम्ही एका सहल कंपनीबरोबर परदेशी गेलो होतो. बसमधून उतरायचे, छायाचित्रे काढायची आणि पुन्हा बसमध्ये बसायचे, याला दोन्ही मुले कंटाळून गेली. या वेळी त्यांना चालायचे आहे, सायकल चालवायची आहे. मुलाची शाळा संपली की एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात न्यूझीलंडला निघावे, असे ठरते आहे. हाताशी सोळा दिवस आहेत. आम्ही ऑकलंड, रोटोरुआ, वेलिंग्टन, नेल्सन, क्राइस्टचर्च, माउंट कुक, क्वीन्सटाउन आणि मिलफर्ड साउंड अशी यादी केली आहे. मुले राजगड आणि हरिश्चंद्रगड चढलेली आहेत, पण माझा गुडघा उतरताना दुखतो. ही आखणी जमेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपली यादी वाचून पहिली गोष्ट मनात आली ती ही, की ज्या सहलीला मुले कंटाळली तीच सहल आपण आता स्वतःच्या हाताने पुन्हा रचत आहात, फक्त बसच्या जागी भाड्याची मोटार आली आहे. सोळा दिवसांतून जाण्यायेण्याचा वेळ वजा केला की चौदा रात्री उरतात, आणि आठ ठिकाणे धरली तर दर दुसऱ्या दिवशी बॅगा भरण्यातच सकाळ जाईल. माझा स्पष्ट सल्ला असा आहे, की उत्तर बेट, म्हणजे ऑकलंड, रोटोरुआ आणि वेलिंग्टन, या वेळी पूर्ण सोडावे आणि दक्षिण बेटावरही मोजकेच मुक्काम ठेवावेत. मुलांना अंगमेहनतीचे काही करायचे असेल, तर एका जागी सलग तीन-चार दिवस मिळाल्याशिवाय ते हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट ऋतूची. एप्रिलअखेर तिकडे शरद ऋतू असतो आणि हिवाळा दाराशी आलेला असतो. मिलफर्ड आणि रूटबर्न या प्रसिद्ध पदयात्रांचा हंगाम ऑक्टोबरअखेर ते एप्रिलअखेर एवढाच असतो. त्यानंतर तेथील निवाऱ्यांमधील सोयी कमी होतात, काही पूल काढून ठेवले जातात आणि वाटेवर हिमकडे कोसळण्याचा धोका असतो. त्यामुळे मुलांनी व्हिडिओ पाहून त्या वाटांचा हट्ट धरला असेल, तर या सुट्टीपुरता त्याला ठाम नकार द्यावा आणि नकाराचे कारणही त्यांना नीट सांगावे. सह्याद्रीत हिंडलेल्या मुलांना ऋतू न पाहता डोंगरात जाणे म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. दिवाळीत जाण्याचा विचार पुढे कधी आलाच, तर तेव्हा तिकडे वसंत असतो, घाटमाथ्यांवर बर्फ उरलेला असतो आणि वानाकाजवळची रॉइज पीकची लोकप्रिय चढण मेंढ्यांच्या विणीसाठी १ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर बंद असते, हे ध्यानात ठेवावे.

एप्रिलअखेर ज्याला खरोखर बहर असतो तो भाग म्हणजे दक्षिण बेटावरचा मध्य ओटागो. हा न्यूझीलंडचा सर्वांत कोरडा प्रदेश आहे, आणि या दिवसांत तेथील पॉप्लरची झाडे पिवळीधमक झालेली असतात. येथेच ओटागो सेंट्रल रेल ट्रेल आहे. हा १५२ किलोमीटरचा सायकलमार्ग क्लाइडपासून मिडलमार्चपर्यंत जातो. १९९० मध्ये बंद पडलेल्या लोहमार्गाचे रूळ उचलून तो तयार केला आणि २००० मध्ये खुला झाला. आगगाडीला तीव्र चढ चढवत नाही, त्यामुळे या मार्गावर कुठेही छातीवर येणारी चढण नाही. वेडरबर्नजवळचा सर्वांत उंच भागही ६१८ मीटरच आहे, आणि तिथे आपण नकळत पोहोचतो. आपल्या गुडघ्याचा विचार करता मला याहून योग्य काही सुचत नाही. आपण विजेवर चालणारी सायकल भाड्याने घ्यावी. मुले साध्या सायकलींवर पुढे जातील आणि पुढच्या गावात आपली वाट पाहत थांबतील. सामान एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामी गाडीने पोहोचवणारे आणि शेवटी तुम्हाला क्लाइडला परत आणून सोडणारे व्यावसायिक तिथे आहेत. शिरस्त्राण घालणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे.

चार दिवसांत हा मार्ग निवांत होतो. लॉडरच्या पुढे पूलबर्नची घळ लागते. तिथे दोन बोगदे आणि उंच पूल आहेत, आणि बोगद्यांत दिवे नाहीत. आम्ही गेलो तेव्हा विजेरी माझ्या मुलीकडे होती. बोगद्याच्या मध्यावर ती सायकलवरून उतरली, विजेरी बंद केली आणि आम्हा सगळ्यांना गप्प उभे राहायला सांगितले. छतातून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता आणि पलीकडचे तोंड नखाएवढे दिसत होते. सहलीतले बाकी पुष्कळ काही ती विसरली आहे, पण तो बोगदा तिला अजून आठवतो. पुढे ओटुरेहुआ येथे कुंपणाची तार ताणण्याचे अवजार घडवणाऱ्या अर्नेस्ट हेज यांचा जुना कारखाना आहे. रॅनफर्लीहून थोडी वाट वाकडी केली की नेझबी लागते. तिथल्या बंदिस्त मैदानावर बाराही महिने कर्लिंग, म्हणजे बर्फावर गुळगुळीत दगड सरकवण्याचा खेळ, शिकता येतो. तेरा वर्षांच्या मुलासाठी तो अर्धा दिवस राखून ठेवावा.

मात्र तयारी इथूनच करावी लागेल. निघण्याआधी दोन-तीन महिने आठवड्यातून दोनदा सायकल चालवा आणि निदान एकदा तरी सलग दोन दिवस पस्तीस-चाळीस किलोमीटर जाऊन पाहा. पहिला दिवस कुणालाही जमतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच खोगिरावर बसताना काय वाटते, हे आधी कळलेले बरे.

आता रात्रींची वाटणी. क्राइस्टचर्च दोन, टेकापो एक, माउंट कुक दोन, क्लाइड आणि सायकलमार्ग मिळून पाच, क्वीन्सटाउन तीन आणि परतीच्या आदल्या दिवशी पुन्हा क्राइस्टचर्च एक. मुंबईहून सिंगापूर साडेपाच तास आणि तिथून क्राइस्टचर्च सुमारे दहा तास, असा हा प्रवास आहे. सामान थेट क्राइस्टचर्चला उतरेल असे एकच तिकीट घ्यावे. क्वीन्सटाउनहून सुटणारी आंतरराष्ट्रीय विमाने ऑस्ट्रेलियाला जातात आणि त्या मार्गाने परतायचे तर भारतीय पारपत्रधारकांना ऑस्ट्रेलियाचा वेगळा व्हिसा काढावा लागतो. म्हणून मी परतीसाठीही क्राइस्टचर्चच सुचवले आहे.

एप्रिलअखेर तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असते. तिथे सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा झालेले असतात, आणि या वयातल्या मुलांना एरवीही सकाळी उठवणे सोपे नसते. म्हणून पहिले दोन दिवस मोकळे ठेवा आणि विमानातून उतरल्या दिवशी मोटार हाती घेऊ नका. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात आणि इंग्रजीत छापलेला आपला परवाना चालतो. परंतु तिकडच्या रस्त्यांवर एकाच गाडीपुरते अरुंद पूल पुष्कळ आहेत आणि आधी कोणी जायचे ते बाणांच्या फलकावरून ठरते. झोपाळलेल्या डोळ्यांनी ते फलक वाचण्याची पाळी येऊ देऊ नये.

टेकापो हे गाव आओराकी मॅकेन्झी या २०१२ मध्ये घोषित झालेल्या राखीव काळोख्या आकाशाच्या क्षेत्रात आहे, म्हणजे तारे नीट दिसावेत म्हणून तिथे रात्रीचा कृत्रिम उजेड कमी ठेवतात. तिथे एकच रात्र दिली आहे ती तेवढ्याचसाठी. मॅगेलनचे मेघ, म्हणजे आपल्याकडून नीट न दिसणाऱ्या दोन छोट्या दीर्घिका, तिथे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. माउंट कुकला (३७२४ मीटर) मात्र कुटुंबाने एक दिवस दोन वाटांनी जावे. सीली टार्न्सच्या वाटेवर सुमारे २२०० पायऱ्या आहेत. त्या चढणे मुलांना आवडेल, पण उतरणे आपल्या गुडघ्याला सोसणार नाही. मुलांनी वडिलांबरोबर तिकडे जावे आणि आपण केआ पॉइंटपर्यंतची तासाभराची सोपी वाट करून हिमनदीने मागे टाकलेले सरोवर पाहावे. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांनी आपले पहिले मोठे शिखर, माउंट ऑलिव्हियर, १९३९ मध्ये याच परिसरात सर केले होते. पायऱ्या मोजून दमलेल्या मुलांना तिथे बसून ही गोष्ट सांगता येईल. सगळ्यांनी सगळे एकत्रच केले पाहिजे, या आग्रहापायी मोठ्या मुलांच्या सहली फार बिघडतात, असे माझे मत आहे.

मिलफर्ड साउंड, म्हणजे उंच कड्यांमध्ये आत शिरलेली समुद्राची खाडी, हिच्याबद्दल माझे मन द्विधा आहे. ती जागा अपूर्व आहे यात शंका नाही, पण क्वीन्सटाउनहून एका बाजूने सुमारे २९० किलोमीटरचा रस्ता आहे, त्या दिवसांत संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास अंधार पडतो, आणि तिथे वर्षाला ६००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे महाबळेश्वरची आठवण व्हावी. जायचेच असेल तर क्वीन्सटाउनच्या तीनपैकी एक रात्र ‘ते आनाऊ’ या गावाला द्या, कारण तिथून मिलफर्ड १२० किलोमीटरच्या आत आहे. एका दिवसात जाऊन येण्याचा बेत मात्र करू नका.

शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. सायकलमार्गाचे चार दिवस मुलीच्या हाती सोपवा. कोणत्या गावी थांबायचे, किती अंतर कापायचे, कुठे जेवायचे, हे तिने नकाशा घेऊन ठरवावे, पत्रव्यवहार तिने करावा आणि आपण फक्त पैसे भरण्याआधी एकदा तपासून पाहावे. मुलाकडे हवामान द्यावे. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा अंदाज पाहून कोणते कपडे वर ठेवायचे ते त्याने सांगावे. मुलीचा एखादा बेत चुकेल, एखाद्या दिवशी जेवणाची जागा बंद निघेल. त्या वेळी आपण “मी सांगितले होते” असे म्हणू नये. त्या चुकीतून वाट काढणे हेही तिलाच करू द्यावे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत आणि डिसेंबरमध्ये मुलांसह न्यूझीलंडला जाणार आहोत. सासूबाई लाडू, चिवडा, मेतकूट बरोबर देणार आहेत. तिथे खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत असे ऐकले. खरे काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : न्यूझीलंडची शेती आणि जंगले बाहेरून येणाऱ्या किडी आणि रोगांपासून जपण्याबाबत तेथील सरकार फार कडक आहे, आणि त्या देशाचे पोट शेती आणि दुधावर किती अवलंबून आहे हे पाहिले की त्याचे कारण पटते. नियमाचे मर्म एवढेच, की जवळ असलेला प्रत्येक खाद्यपदार्थ प्रवेशाच्या घोषणापत्रात नोंदवायचा. नोंदवलेला पदार्थ फार तर काढून घेतात. न नोंदवता सापडला तर जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. मध आणि ताजी फळे नेऊच नका. विमानात मिळालेले सफरचंद पिशवीत राहून दंड भरावा लागलेले प्रवासी आहेत. तुपातले लाडू, पेढे, बर्फी असे दुधातुपाचे पदार्थही घरीच ठेवा, असे मी सुचवीन. सासूबाईंचा हिरमोड होईल, पण त्यांच्या हातचे लाडू विमानतळावरच्या डब्यात टाकावे लागण्यापेक्षा ते परत आल्यावर खाल्लेले बरे. कारखान्यात तयार झालेल्या, सीलबंद आणि घटकांची यादी छापलेल्या वस्तू घेतल्या तर तपासणी सोपी होते.

डाळ, तांदूळ, मसाले क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानांत मिळतात. स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी, ती तिकडच्या मोटेलांमध्ये सहज मिळते. दिवसभर चालून आलेल्या मुलांना संध्याकाळी गरम वरण-भात मिळाला, की दुसऱ्या दिवशीचे चालणे निम्मे झालेच म्हणून समजा.

आणि आपण विचारलेले नाही तरी सांगतो, बुटांकडे पाहा. वापरलेले डोंगरी बूट आणि तंबू यांचीही नोंद करावी लागते. मी निघण्याआधी बूट वरून पुसले होते, पण तळव्याच्या खाचांत राजगडची लाल माती वाळून बसलेली होती. तपासनीस बाईंनी बूट उलटे करून एका खाचेवर बोट ठेवले, ते आत नेले आणि धुऊन ओलेच परत आणून दिले. दंड झाला नाही, कारण मी त्यांची नोंद केली होती. जुना दातांचा ब्रश, टाचणी आणि साबणाचे पाणी घेऊन हे काम मुलांकडून आठवडाभर आधी करून घ्या आणि बूट कडक उन्हात वाळवा.

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा मुलगा क्वीन्सटाउनला बंजी उडी मारायचीच म्हणतो. परवानगी द्यावी का? आणि विमा चालतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कवाराऊ पुलावर १९८८ पासून ही उडी व्यावसायिक रीतीने चालू आहे, आणि तिथली उंची ४३ मीटर आहे. वयाच्या आणि वजनाच्या अटी आधी वाचाव्यात आणि मुलाला पाठीचा, डोळ्यांचा किंवा रक्तदाबाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय होकार देऊ नये. तसे काही नसेल तर मी परवानगी देईन. फक्त त्याला आधीच सांगून ठेवा, की कठड्यावर उभे राहिल्यावर नको वाटले तर मागे फिरण्यात कमीपणा नाही आणि घरी त्यावरून कुणी चिडवणार नाही.

विम्याचे असे आहे, की न्यूझीलंडमध्ये अपघाताने झालेल्या दुखापतीवरील उपचारांचा भार तेथील सरकारी योजना पाहुण्यांसाठीही बराचसा उचलते. परंतु आजारपण, रद्द झालेला प्रवास किंवा जखमी माणसाला भारतात परत आणण्याचा खर्च त्यात बसत नाही. म्हणून प्रवासविमा घ्याच, आणि घेताना साहसी खेळ वगळले आहेत का, हे पत्रकातल्या बारीक अक्षरांत स्वतः वाचा. साध्या पॉलिसींमध्ये ते अनेकदा वगळलेले असतात आणि जादा हप्ता भरून घालून घ्यावे लागतात. प्रत्येकाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, त्याबरोबर ऑक्टोबर २०२४ पासून माणशी १०० न्यूझीलंड डॉलर पर्यटन आकार द्यावा लागतो, आणि पारपत्राची मुदत तिथून निघण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने असावी लागते. मुलगा अठराच्या आतला असल्याने, आई-वडिलांपैकी एकच जण बरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचे लेखी संमतिपत्र अर्जाला जोडावे.