सुरा कानाला दिसत नाही

सप्रेम आशीर्वाद.

तुझी भयश्रुतिका वाचली. कथा पक्की आहे, पण पहिल्याच पानावर नायक ओरडतो, ‘अरे, हा तर हातात सुरा घेऊन माझ्याकडेच येतोय!’ जीव मुठीत धरून पळणारा माणूस असं बोलत नाही. ऐकणाऱ्याला दिसत नाही ही तुला अडचण वाटली, म्हणून तू ती संवादांनी झाकायला गेलास.

पुढे लिहिण्याआधी एक जुनी श्रुतिका ऐक. अमेरिकेत सीबीएस रेडिओवर १९४२पासून ‘सस्पेन्स’ ही मालिका लागायची. दर भागात नवी गोष्ट, नवी पात्रं, अर्धा तास. त्यातली ‘सॉरी, राँग नंबर’ ल्युसिल फ्लेचर यांची. २५ मे १९४३ला अ‍ॅग्नेस मूरहेड यांनी ती सादर केली. अंथरुणाला खिळलेली एक हेकट बाई घरात एकटी आहे. नवऱ्याच्या ऑफिसला फोन लावताना लाइन भलतीकडेच जोडली जाते आणि दोन माणसं खुनाचा बेत करताना तिला ऐकू येतात. वेळ रात्री सव्वाअकराची, पुलावरून रेल्वे जाताना, म्हणजे किंकाळी कुणाला ऐकू जायला नको. मग ती ऑपरेटर, पोलीस, सुचेल त्याला फोन करत सुटते.

इथे तिलाही काही दिसत नाही आणि आपल्यालाही. तिच्या कानाशी फोन, आपल्या कानाशी रेडिओ. डायल फिरल्याचा आवाज, एंगेज टोन, ऑपरेटरचा पढवलेला थंड सूर, एवढ्यावर सगळं उभं आहे. रेल्वेचं आधीच कानावर घातलंय, त्यामुळे पुढे नुसता खडखडाट झाला तरी पोटात गोळा येतो. शिवाय बाई सगळ्यांवर खेकसते, म्हणून तिचं कुणी मनावर घेत नाही. ती गोड असती तर गोष्ट पडली असती. शेवट सांगत नाही.

१९४८ला त्यावर सिनेमा निघाला, पटकथाही फ्लेचर यांचीच. पडदा भरायला नवऱ्याची पूर्वकथा आली. बार्बरा स्टॅनविक त्यात जबरदस्त आहेत, तरी माझ्या मते खरा धसका रेडिओवरचाच. मालिकाही १९४९ला टीव्हीवर गेली आणि १९५४ला तिथे संपली. रेडिओवर ती १९६२पर्यंत टिकली.

तुझा नायक रात्रपाळीचा लिफ्टमन आहे ना? त्याला बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकव, अंधारात. सुरा काढून टाक. वरच्या मजल्यावर जाळीचा दरवाजा सरकू दे, पावलं जिन्यानं खाली येऊ देत. पहिली चार पानं नव्यानं लिही आणि कागद पाठवू नकोस, फोनवर रेकॉर्ड करून पाठव.