गाव एकीकडे, शेत दुसरीकडे, गुरं तिसरीकडे

प्रश्न: ताई नमस्कार, माझी मुलगी-जावई दोन वर्षं झाली बोत्सवानात गॅबरोनला असतात. तिच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी नोव्हेंबर लागला की "शेतावर जाते" म्हणून महिनाभर गायब, गाव विचारलं तर दुसरंच सांगतात आणि गुरं म्हणे तिसरीकडेच. मुलीला वाटतं थापा मारतात. खरं काय असावं?
– एक आई, मंगळवेढा

उत्तर: काकू, मावशी अगदी खरं बोलतायत हो. तिथल्या त्स्वाना लोकांचा संसार पूर्वीपासून असाच तीन ठिकाणी, राहायचं गाव ते मोत्से, शेतावरची वस्ती मासिमो आणि गुरांचा तळ मोराका, आणि ही तिन्ही एकमेकांपासून चांगली लांब. आपल्यासारखं गावाला लागून शिवार हे डोक्यातून काढाच. गाव वसतं ते प्रमुखाच्या खोत्लाभोवती, म्हणजे आपली चावडी समजा. गुरं लांब का, तर उभ्या पिकात शिरू नयेत आणि चारा-पाणी असेल तिथे राहावीत.

पाऊस येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तोही बेभरवशाचा, त्यामुळे ओल आली की पळायलाच लागतं. पूर्वी तर प्रमुखानं सांगितल्याशिवाय कुणी नांगर घालायचा नाही. तिथल्या पैशाचं नावच पुला आहे, पुला म्हणजे पाऊस!

मी तिथे होते तेव्हा एकदा शेजारणीबरोबर तिच्या मासिमोला गेलेले. मातीची गोल झोपडी, बाहेर चुलीवर तीन पायांची काळी बिडाची हंडी, आणि आत काय शिजतंय तर ज्वारी! बोगोबे म्हणतात, आपल्या कण्यांच्या जवळचंच, त्यात लेरोत्से नावाचं कलिंगडाच्या जातीचं फळ घातलेलं, आंबूस लागतं जरा पण मला आवडलं. पोरं पत्र्याचे डबे बडवत क्वेलिया पाखरं हाकलत होती, थवा बसला की कणसं साफच. मनात म्हटलं यांना एक गोफण द्यायला पाहिजे.

गुरांचं म्हणाल तर तळावरची सगळी मावशींचीच असतील असंही नाही. माफिसा म्हणून पद्धत आहे, ज्याच्याकडे जास्त तो दुसऱ्याला सांभाळायला देतो, दूध आणि नांगराला बैल सांभाळणाऱ्याला, कधी एखादं वासरूही. आपल्या अर्धलीची आठवण येते, फक्त निम्मा वाटा असा हिशोब नसतो.

तर मुलीला सांगा, रजेचं ऑक्टोबरातच बोलून घे. आणि जून-जुलैत मळणी झाली की मावशींकडून दोन-चार किलो ज्वारी विकत माग म्हणावं. भाकरी जमली तर मला नक्की कळवा, माझी तिथल्या पिठाची दर वेळी तव्यावर टाकतानाच तुटायची.