कामाच्या दौऱ्यातील मोकळे तास

प्रश्न : कामानिमित्त मला दरमहा नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत यावे लागते. बैठक दुपारी दोनच्या सुमारास आटोपते आणि परतीची गाडी नाशिकरोडहून सायंकाळी सात वाजता असते. मधला वेळ आजवर स्थानकावरच गेला. एवढ्या अवधीत त्र्यंबकेश्वर करून येता येईल का? – एक वाचक, मुंबई

उत्तर : येथून त्र्यंबकेश्वर सुमारे 28 किलोमीटर आहे. अंतराची अडचण नाही, पण दर्शनाची रांग किती वेळ घेईल याचा भरवसा देता येत नाही. घड्याळाकडे पाहत उभे राहण्यापेक्षा ते एखाद्या सवडीच्या दिवसासाठी राखून ठेवावे. आपण अंबडला असता ही गोष्ट मात्र आपल्या पथ्यावर पडणारी आहे, कारण मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेणी तेथून अगदी जवळ आहेत. सामानाची बॅग कारखान्याच्या फाटकावर ठेवून रिक्षाने निघावे. पायऱ्या चढण्यास पंधरा-वीस मिनिटे पुरतात. लेण्यांचे तोंड उत्तरेकडे असल्याने दुपारीही वर सावली मिळते. कार्यालयीन गुळगुळीत तळाचे बूट मात्र पावसाळ्यात या पायऱ्यांवर घसरतात.

एकूण 24 लेणी आहेत, पण ती सगळी पाहण्याचा अट्टाहास धरू नये. व्यवहारात मुरलेल्या माणसाने आधी दहाव्या लेण्याच्या ओसरीत जावे. क्षत्रप म्हणजे शक राजा नहपान याचा जावई उषवदात याने तेथे ब्राह्मी लिपीत चक्क एका कायम ठेवीचा दस्तऐवज कोरून ठेवला आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, 3,000 कार्षापणे (त्या काळची नाणी) ठेवली. त्यांपैकी 2,000 वर दरमहा शेकडा एक आणि 1,000 वर पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजच तेवढे वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज 240 होते, आणि लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातील मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12 कार्षापणे द्यावीत असे लेखातच म्हटले आहे. म्हणजे हिशेब तंतोतंत जुळतो. हा व्यवहार सभेत जाहीर करून रीतसर नोंदवल्याचाही उल्लेख त्यात आहे. जवळजवळ 1,900 वर्षांपूर्वीच्या या मजकुरासमोर, नुकतेच कोटेशन हातावेगळे करून आलेला माणूस रेंगाळला नाही तरच नवल.

तेथून तिसऱ्या लेण्याकडे यावे. दर्शनी भागाखाली सहा धिप्पाड यक्ष खांद्यावर तुळया पेलून आहेत, आणि आत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. याच गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या नाण्यांवर आपले ठसे उमटवले. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे 1906 साली सापडलेल्या 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुतेक नाणी अशी पुन्हा ठसा मारलेली होती. सासरा-जावई एका लेण्यात आणि त्यांचा विजेता हाकेच्या अंतरावर, हा शेजार मोठा मजेचा आहे.

खाली उतरताना पाच वाजू देऊ नयेत. सायंकाळी द्वारका चौकात वाहतूक तुंबते, म्हणून गाडीच्या दीड तास आधी निघणे बरे.

प्रश्न : माझा मुक्काम मध्यवर्ती बसस्थानकाजवळ असतो आणि सायंकाळी जेमतेम दोन तास मिळतात. काय पाहावे? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : गोदाकाठी जावे. रामकुंडाजवळचे नारोशंकराचे मंदिर 1747 सालचे असून त्यावरील मोठी घंटा 1739 च्या वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. तेथून काळाराम मंदिर चालत गाठता येते. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो येथेच, हे ठाऊक असले म्हणजे त्या दरवाज्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. पावसाळ्यात मात्र आधी गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीची चौकशी करावी. नाशिककर पूर मोजतात तो याच मूर्तीवर. पाणी गुडघ्याला की कमरेला, एवढे कळले की पुरते. ते कमरेपर्यंत आले असेल तर घाटावर उतरू नये, होळकर पुलावरून नदी पाहून परतावे.