विचारा, सांगतो : हैदराबाद आणि फिल्मसिटी एका दिवसात?

प्रश्न : आम्ही नांदेडच्या चार मैत्रिणी. अजिंठा एक्स्प्रेसने सकाळी काचीगुड्याला उतरायचं, रामोजी फिल्मसिटी, गोवळकोंडा, चारमिनार उरकायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत, असा बेत आहे. जमेल का?

उत्तर : नाही. फिल्मसिटी विजयवाडा रस्त्यावर, शहराच्या पूर्वेला साधारण 30 किलोमीटरवर आहे आणि गोवळकोंडा पश्चिमेला. मधलं अख्खं हैदराबाद ओलांडण्यातच दोन तास जातात. शिवाय काचीगुड्याला उतरून, आवरून, नाश्ता करून फिल्मसिटीच्या फाटकावर यायला अकरा वाजतात. आत सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच एवढाच वेळ असतो. उशिरा गेलात म्हणून तिकीट कमी होत नाही आणि शेवटपर्यंत थांबलात तर संध्याकाळची गाडी हुकते.

दोन दिवस काढाच. वारही नीट निवडा. सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा शुक्रवारी बंद असतात, त्यात जुम्म्याच्या नमाजामुळे मक्का मशीद आणि चारमिनारच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते. म्हणून बुधवारी रात्री निघा. गुरुवारी शहर, शुक्रवारी फिल्मसिटी आणि परतीला रात्रीची बस. शनिवार-रविवारच मोकळा असेल तर शनिवारी शहर आणि रविवारी फिल्मसिटी, पण तिथे रांगा लांब असणार हे धरून चाला.

शहराच्या दिवशी आधी गोवळकोंडा, ऊन चढायच्या आत. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या प्रवेशद्वाराच्या कमानीखाली वाजवलेली टाळी टेकडीवरच्या बालाहिसारात ऐकू येते. पण गर्दीत पन्नास जण एकदम टाळ्या पिटतात, मग कुणाची कुठली काही कळत नाही. दोघींनी खाली थांबा, दोघींनी वर जा आणि फोनवर वेळ ठरवून वाजवा. वर जायला साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत, पाणी खालूनच घ्या. तिथून दुपारी सालारजंग. तिथलं वाजतं घड्याळ दर तासाला टोले देतं, ते बघायला पाच-दहा मिनिटं आधी जाऊन बसा. साडेचारच्या आत चारमिनार (1591 सालचा) गाठा, कारण वर सोडणं संध्याकाळी बंद होतं. जिना अरुंद, गोल आणि पायऱ्या उंच. गुडघे दुखत असतील तर खालूनच बघून लाडबाजारात वळा. लाखेच्या बांगड्यांचा पहिला भाव कधीच खरा नसतो. घासाघीस हिंदीत चालते, आणि तिथला ‘नक्को’ तर आपलाच आहे.

प्रश्न : एसटीतलं महिलांचं अर्धं तिकीट हैदराबादपर्यंत चालतं का? (उमरगा)

उत्तर : फक्त महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत, पुढे पूर्ण भाडं. नांदेडहून देगलूरमार्गे जाणाऱ्यांना त्याचा बऱ्यापैकी फायदा होतो. उमरग्याहून मात्र हुमनाबादकडे निघालात की लगेच कर्नाटक लागतं, त्यामुळे सवलत नावापुरतीच. कर्नाटकात आणि तेलंगणात महिलांना मोफत प्रवास आहे, पण तो त्या त्या राज्याच्या रहिवाशांना. आपलं आधार कार्ड दाखवून उपयोग नाही.

प्रश्न : फिल्मसिटीला मेट्रोने जाता येतं का? आत आधी काय बघावं? (परभणी)

उत्तर : मेट्रो लाल मार्गावरच्या एलबी नगरपर्यंत जाते, तिथून पुढे बस किंवा टॅक्सी. सिकंदराबादहून येत असाल तर हिरव्या मार्गाने एमजीबीएसला (महात्मा गांधी बस स्थानक) या आणि तिथे लाल मार्ग धरा. चौघं असाल तर एलबी नगरहून एक टॅक्सी वाटून घेणं परवडतं. संध्याकाळी फाटकाबाहेर वाहनं मागतील ते भाडं घेतात, म्हणून परतीचं आधीच बोलून ठेवा. मुक्काम एलबी नगर किंवा दिलसुखनगर भागात केला तर सकाळचा तासभर वाचतो.

तिकीट आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावरून काढा. मुख्य फाटक ते आतला भाग हे अंतर बरंच आहे, तिथवर त्यांचीच बस नेते. बाहेरचा डबा आत सोडत नाहीत, त्यामुळे दशम्या-चटणी फाटकाबाहेरच संपवा. आत गेल्या गेल्या शोच्या वेळा फलकावरून मोबाइलमध्ये टिपा, कारण दिवस बिघडतो तो इथेच. लोक आधी फोटो काढत बसतात, मग दुपारी सगळे एकदम स्टुडिओ-टूरच्या बसला उभे राहतात. तुम्ही ती टूर सकाळीच करा.

बसमधून विमानतळ, रेल्वे स्टेशन, तुरुंग, परदेशी वाटणारे रस्ते दिसतात. एखाद्या इमारतीची एक बाजू दवाखाना तर दुसरी कॉलेज, हे कोपऱ्यावर उभं राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. ‘दगडी’ खांबावर बोटाने वाजवून बघा, बहुतेक ठिकाणी पोकळ आवाज येईल : आत प्लायवूड किंवा फायबर, वरून प्लास्टर ऑफ पॅरिस आणि रंग. कॅमेऱ्याला फक्त पुढची बाजू लागते.

चुकवू नये असा शो म्हणजे सिनेमा कसा बनतो ते दाखवणारा. प्रेक्षकांतून कुणाला तरी बोलावून टांग्यात बसवतात, मागे वेगळं चित्र जोडतात, आवाज भरतात आणि तयार प्रसंग पडद्यावर दाखवतात. पुढच्या रांगेत बसा आणि हात वर करा. पक्ष्यांची आणि फुलपाखरांची बाग बसने जायच्या अंतरावर आहे, तिथे तीन वाजण्याआधी पोहोचा. एवढं सगळं उन्हात असल्याने एप्रिल-मे टाळा. संक्रांत आणि दसऱ्याला तिकडे शाळांना सुट्ट्या असतात, त्या दिवसांत गर्दी दुप्पट धरा.

प्रश्न : चालू शूटिंग बघायला मिळेल का? त्यापेक्षा गोरेगावला जावं का? (जालना)

उत्तर : शूटिंगच्या आशेने रामोजीला जाऊ नका. चित्रीकरण चालू असलेल्या भागाकडे पर्यटकांची बस वळतच नाही. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी हे मुळात कामाचं ठिकाण आहे. फाटकावर जाऊन उभं राहिलात तर सोडणार नाहीत. आधी नोंदणी करून, गाइडसोबत बसमधूनच फिरता येतं. मालिकांचे सेट रस्त्यावरून दिसतात, आत शिरणं नशिबावर. जत्रेसारखा भरगच्च दिवस हवा असेल तर हैदराबाद. सेट कामात असताना कसा दिसतो ते बघायचं असेल तर गोरेगाव, पण ते काही तासांत आटोपतं. जालन्याहून खास तेवढ्यासाठी जाऊ नका, मुंबईत दुसरं काम निघेल तेव्हा जोडून घ्या.