ताईला विचारा: कागदावर शिवलेला क्विल्ट ब्लॉक

गेल्या अंकात कागदावर टीप मारून क्विल्टचा, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या पांघरुणाचा, ब्लॉक (त्यातला एक चौकोन) कसा करतात ते थोडक्यात लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले, त्यातले पाच घेतेय. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी एवढंच, की डिझाईन कागदावर छापलेलं असतं, त्यातल्या घरांना १, २, ३ असे नंबर असतात, कापडाचे तुकडे त्या क्रमाने कागदाच्या कोऱ्या बाजूला लावायचे आणि छापील बाजू वर ठेवून रेघेवर कागदासकट टीप मारायची. शेवटी कागद फाडून काढायचा. कापड मापात कापायची कटकट नाही आणि टोकं एकदम नीट येतात.

ताई, तुकडा उलटला की दरवेळी कुठेतरी कमीच पडतो, त्रिकोण असला की हमखास. मग उसवत बसा. काय चुकतंय? (डोंबिवली)

अगं, तू तुकडा जिथे बसणार आहे त्याच आकारात ठेवून बघत असशील, आणि तो तर रेघेवरून आरशासारखा उलटा पडतो, त्यामुळे तिरक्या रेघेला तो भलतीकडेच जातो. आधी कंजूषपणा सोड. घराच्या चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त, आणि निमुळता त्रिकोण असेल तर पाऊण इंच, असा तुकडा काप, वाया जाऊ दे चिंध्या.

मग असं कर. १ नंबरचा तुकडा कोऱ्या बाजूला, सुलटी बाजू आपल्याकडे, ग्लू स्टिकचा एक ठिपका लावून बसव. १ आणि २ च्या मधल्या रेघेवर जाड पोस्टकार्ड ठेव आणि कागद त्यावर मागे दुमड, घडीच्या बाहेर जे कापड दिसतंय ते पट्टी लावून घडीपासून बरोबर पाव इंचावर काप. ही कापलेली कड म्हणजे २ नंबरची जागा, अंदाज लावायचाच नाही. त्या कडेला कड जुळवून, सुलटीवर सुलटी, दुसरा तुकडा ठेव, कागद उलगड. आता टीप मारायच्या आधी रेघेवर दोन टाचण्या लाव, तुकडा उलटून कागद ट्यूबलाइटसमोर धर. घर झाकून सगळीकडून पाव इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड) उरत असेल तरच मशीनखाली घाल. रेघेच्या आधी दोन-तीन टाके सुरू करून रेघेच्या पुढे दोन-तीन टाके जायचं, म्हणजे पुढची टीप त्यावरून जाते आणि पक्की होते.

कागद फाडताना टाके ओढले जातात, काही ठिकाणी तर शिवणच सुटली. ट्रेसिंग पेपर वापरू का? अमेरिकेतून नणंद खास कागद आणते म्हणालीये. (नाशिक)

नणंदेला दुसरं काहीतरी आणायला सांगा. साधा झेरॉक्सचा ७० किंवा ७५ जीएसएमचा कागद चालतो, ट्रेसिंग पेपरही चालतो. वर्तमानपत्राचा कागद नको, त्याची शाई कापडाला लागते. तुमचा टाका मोठा आहे हो, बाकी काही नाही. मशीनचा टाका दीड मिलिमीटरवर आणा, जुनी काळी मशीन असेल तर दांडा असा सरकवा की इंचाला १५ ते २० टाके पडतील. बारीक टाक्याने कागदाला एकमेकांना लागून भोकं पडतात आणि तो पावतीसारखा सुटतो. सुई १४ नंबरची, आणि कागदाने सुई बोथट होते म्हणून ती वेगळी ठेवा, ब्लाउजला वापरू नका. फाडताना आधी टिपेवर घडी घाला, टाक्यांवर अंगठा दाबून ठेवा आणि मग कागद टिपेकडे ओढा. इस्त्री कोरडी, वाफेने कागद आक्रसतो आणि वळतो. आणि घाई करून ब्लॉक झाला की लगेच कागद काढू नका, शेजारचे ब्लॉक जोडून होईपर्यंत राहू दे, तोवर कडा ताणल्या जात नाहीत.

इंटरनेटवरून ८ इंची ब्लॉकचा पॅटर्न डाउनलोड केला, शिवून झाल्यावर मोजला तर पावणेआठ भरतोय! बाकीचे ब्लॉक ८ चे आहेत, आता जोडू कसे? माझी माया चुकली का? (पुणे)

तुमची माया बरोबर असणार. पॅटर्न अमेरिकन दिसतोय, तिकडचा लेटर कागद २१६ मिलिमीटर रुंद असतो, आपला ए-फोर २१०. प्रिंट काढताना 'कागदात बसवा'वर खूण राहिली की सगळं चित्र साधारण ९७ टक्के होतं, आणि ८ चे ९७ टक्के म्हणजे तुमचे पावणेआठ. प्रिंट कायम १०० टक्क्यावर काढायची आणि पॅटर्नवर जो एक इंचाचा चौकोन दिलेला असतो तो पट्टीने मोजायचा, तो एक इंच नसेल तर पुढे जायचंच नाही. आता ८ इंची ब्लॉक मायेसकट साडेआठ होतो, म्हणजे परत २१६ मिलिमीटर, तो ए-फोरवर मावतच नाही, कडेची माया कापली जाणार. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन ए-थ्रीवर काढून घ्या, किंवा ए-फोरवरच काढून चारी बाजूंना कागदाची पट्टी चिकटवून पाव इंच हाताने आखा. सगळ्या प्रती एकाच मशीनवर काढा. पॅटर्न मोठा करतानाही हाच घोळ होतो बरं का, ६ चा ८ करायला १३३ टक्के दिलेत की पाव इंच मायाही वाढते, ती खोडून नव्याने आखायची.

शिवून झालेल्या ब्लॉकला चारी बाजूंनी एक बारीक पट्टी जोडा आणि मायेसकट साडेआठला आणून कापा. छान दिसेल, मुद्दाम केल्यासारखं.

मी निवृत्त ड्राफ्ट्समन. पत्नी शिवते, मी डिझाईन काढून देतो, पण ती म्हणते हे शिवताच येणार नाही. संक्रांतीसाठी पतंगाचा ब्लॉक हवा आहे. नियम काय? (कोल्हापूर)

वा काका, अशी जोडी असेल तर क्विल्ट दुप्पट वेगाने होतो. काकूंचं बरोबर आहे, कागदावर काढता येतं ते सगळं शिवता येत नाही. इथे प्रत्येक टीप सरळ असते आणि आतापर्यंत शिवलेल्या भागाच्या पूर्ण कडेवरून जाते, मध्येच थांबत नाही की वळत नाही. म्हणून चित्र झालं की उलट्या बाजूने विचार करा: या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग जाणारी रेघ कुठे आहे? तिथे कापा. राहिलेल्या प्रत्येक भागात परत तोच प्रश्न. शेवटी प्रत्येक भाग एकेक कडेचा तुकडा काढत एकाच तुकड्यावर आला पाहिजे, तो तुमचा १ नंबर.

पतंग घ्या, ६ इंचाचा चौकोन. खालची १ इंचाची पट्टी शेपटासाठी वेगळी काढा. वर उरला ६ बाय ५ चा भाग, त्यात पतंगाचं वरचं टोक वरच्या कडेच्या मध्यावर, खालचं टोक खालच्या कडेच्या मध्यावर आणि दोन बाजूची टोकं वरून २ इंचांवर डाव्या-उजव्या कडेला टेकलेली. मधली उभी काडी आता वरपासून खालपर्यंत सलग रेघ झाली, तिथे कापा, डावा भाग अ, उजवा ब. प्रत्येकात काडीवरून आडवी रेघ, वरचा त्रिकोण १, खालचा २, मग वरचा आकाशाचा कोपरा ३, खालचा ४. झालं. शेपटाच्या पट्टीत मधला त्रिकोण १, दोन बाजूंचं आकाश २ आणि ३. आधी अ आणि ब जोडायचे, मग खाली पट्टी. मध्यावर चारही रंग जुळायला टाचणी दोन्ही कागदांच्या त्याच बिंदूतून आरपार उभी घालायची आणि शेजारून दुसरी टाचणी लावून मगच ती काढायची. आडवी काडी कमानीसारखी वाकवायचा मोह होईल, नको, ती आणि मांजा नंतर हाताने धावदोऱ्याने भरा.

एक गोष्ट मात्र काकूंच्या आधी तुम्ही बघायची. छापील बाजू ही मागची बाजू आहे, तयार ब्लॉक उलटा दिसणार, म्हणजे कागदावर डावीकडे लाल लिहिलंत तर लाल उजवीकडे येणार. पतंगाला चालून जाईल, 'अ' अक्षर काढलंत तर पंचाईत. चित्र काढून झालं की कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर गिरवा, रंग त्याच बाजूला लिहा. आणि ब्लॉकच्या बाहेरच्या कडेला कापडाचा उभा किंवा आडवा धागा येऊ दे, उरेब (तिरकं कापड) आलं की कड ताणली जाते.

मशीन नाहीये, हाताने जमेल का? आणि घरात आजीचे खण आहेत, ते वापरू का? (बेळगाव)

हाताने करायचं तर वेगळी पद्धत घ्या, षटकोनाची. जाड कागदाचे षटकोन कापायचे, कापड त्यावर दुमडून कच्च्या टाक्याने बसवायचं, दोन षटकोन सुलटीवर सुलटी ठेवून काठाकाठाने बारीक टाके घ्यायचे. इथे तीन रेघा मध्येच भेटतात, ते कोपरे हातानेच नीट बसतात. इंग्लंडमध्ये कागदावर कापड दुमडायची ही पद्धत फार जुनी आहे, १७१८ हे साल कापडाच्या तुकड्यांनीच घातलेलं एक रेशमी पांघरूण तिथल्या क्विल्टर्स गिल्ड या संस्थेकडे आहे आणि त्यात आतले कागद अजून तसेच आहेत. आपल्या गोधडीला मात्र यातलं काही लागत नाही, ती आपली जुन्या लुगड्यांवर ठिगळं ठेवून धावदोऱ्याने थेट भरायची.

खण वापरा की, पण त्याचे धागे पटकन सुटतात म्हणून माया पाव इंच नको, थोडी जास्त ठेवा, आणि एकदम निमुळते त्रिकोण खणाचे करू नका. काठाची बाजू ब्लॉकच्या मधोमध दिसू दे. कापायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून बघा, रंग लागला तर तो खण पांढऱ्या कापडाच्या शेजारी लावायचा नाही.